महाराजांच्या हुकुमांची व कोन्हेरपंतांच्या झोंपेची बखर

श्री. त्या विधात्यास नमन, ज्यानें सृष्टि आधीं चालती केली आणि ती कैसी चालते याचा नकाशा कोणापाशींही ठेविला नाहीं. शके सोळाशें चौऱ्याहत्तर, अंगिरानाम संवत्सर, कार्तिकमास, ते समयीं एका राज्यांत आराखड्याचा मोठा प्रसंग जाहला. राज्याचें नांव लिहावयाची आज्ञा नाहीं, सबब लिहिलें नाहीं. कांहीं पाहिलें, कांहीं ऐकिलें, तें सारें येथें मांडिलें आहे. त्यांत अधिक उणें असेल तें लिहिणाराचें, राज्याचें नव्हे.

त्या राज्याचे महाराज शूर, दाते आणि मनाचे निर्मळ, परंतु राग नाकावर. राग आला म्हणजे हुकूम सोडीत, आणि दुसरे दिवशीं अंमल जाहला काय म्हणोन पुसत, आणि अंमल बहुतकरून जाहलेला नसे. मग दिवाणजींस म्हणत कीं, आमच्या मेहुण्यांच्या राज्यांत, तें तर शेजारींच, सकाळचा हुकूम दुपारीं पोंचतो ऐसें राणीसाहेब सांगतात, आणि आमच्या येथें सकाळचा हुकूम संध्याकाळीं आमचा आम्हांसच आठवत नाहीं, हें राज्य आहे कीं धर्मशाळा? दिवाणजी मान हालवीत आणि घरीं जात. ऐसीं वर्षें गेलीं. मग एके दिवशीं महाराज फारच बोलिले, तेव्हां दिवाणजींनीं चहूंकडे शोध करून तिमाजीपंत नांवाचे एक गृहस्थ आणविले. हे वयानें चाळिशीच्या आंतले, अंगानें सडपातळ, बोलण्यांत चपळ, आणि दक्षिणेंत एका मोठ्या पेढीवर राहून कार्यप्रवाहाची विद्या शिकलेले. ही विद्या ऐसी कीं कोणतेंही काम असो, तें कोठें उपजतें, कोणाच्या हातून कोणाच्या हातीं जातें, कोठें अडतें आणि कोठें संपतें, हें सारें आधीं कापडावर चितारावयाचें, आणि मग राज्य त्या चित्रासारिखें चालवावयाचें. तिमाजीपंतांबरोबर त्यांचें कुटुंब द्वारकाबाई म्हणोन आलें. बाई शहाणी, गोड गळ्याची, ओव्या बहुत पाठ. राणीसाहेबांस ती पहिल्याच भेटीस आवडली आणि त्यांनीं तिला आपल्या सोबतीस ठेवून घेतली. दिवसां वाड्यांत आणि संध्याकाळीं घरीं, ऐसा तिचा क्रम पडला. तिमाजीपंतांचा तिजवर फार जीव. दरबारीं काय घडलें तें तिला सांगितल्यावांचून त्यांस घांस गोड लागत नसे.

मग तिमाजीपंतांनीं दरबारांत पांढरें कापड अंथरिलें, तें एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, आणि त्यावर कोळशानें पट्टे पाडिले, एकेका खात्यास एकेक पट्टा, आणि बोलिले कीं, जें काम करावयाचें त्यास चौकोन, जेथें होय कीं नाहीं ठरवावयाचें तेथें शंकरपाळें, आरंभीं आणि अखेरीस टिकली, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जावयास बाण. शंकरपाळ्याचें नांव निघतांच मुदपाकखान्याच्या कारभाऱ्यानें कान टवकारिले, परंतु खावयाचें नव्हे ऐसें समजल्यावर तो निमूट बैसला. त्या चित्राखालीं तिमाजीपंतांनीं आणीक एक चित्र मांडिलें, कीं कोणत्या कामास कोणती माहिती लागते. आणि त्याहीखालीं आणीक एक, कीं ती माहिती कोठें राहते. म्हणाले, जैसा घरास पाया, जोतें आणि वर नांदतीं माणसें, तैसा राज्यास हा आराखडा; एक गोष्ट एकाच जागीं असावी, आणि ज्यास हवी त्यास तेथूनच मिळावी. महाराज संतोष पावले. मग एकेक कारभारी येऊन आपलें काम सांगों लागला, आणि ज्याचे चौकोन अधिक तो मोठा ऐसी समजूत कोणीं कैसी पसरविली कळेना, परंतु पसरली. पीलखान्याच्या दरोग्यानें हत्तीस पाणी दाखविणें, हत्तीनें पाणी पाहाणें आणि हत्तीनें पाणी पिणें ऐसे वेगवेगळे चौकोन मागितले, आणि मध्यें एक शंकरपाळेंही हवें म्हणाला, कीं हत्तीची इच्छा आहे काय. तिमाजीपंतांनीं तेंही दिलें. आणि इच्छा नसल्यास बाण कोठें न्यावा यावर दरबार संध्याकाळपर्यंत बैसला.

चित्र पुरें जाहलें, तेव्हां काम कोठें अडतें हें पाहाणें आलें. तिमाजीपंतांनीं प्रत्येक गादीपाशीं एकेक घटिकापात्र ठेविलें आणि कागद आला कधीं, गेला कधीं, याचें मोजमाप केलें. तों काय दिसलें, कीं चिटणीस जलद, कारकून जलद, जासूद तर वाऱ्यासारिखे, आणि राज्याचा सगळा विलंब एकाच गादीवर येऊन बैसला आहे. ती गादी शिक्केनवीस कोन्हेरपंतांची. महाराजांचा शिक्का यांच्या कंबरेस, आणि शिक्क्यावांचून हुकूम म्हणजे नुसता कागद. कोन्हेरपंत वृद्ध, स्थूल, सर्वांशीं गोड, कोणाच्या अध्यांत मध्यांत नाहींत. तिमाजीपंतांनीं त्यांस आदरें पुसिलें, "पंत, हुकूम आल्यावर आपण काय करितां?"

"शिक्का करितों."

"कधीं करितां?"

"उठल्यावर," कोन्हेरपंत बोलिले.

मग अधिक चौकशी करितां ऐसें निघालें कीं महाराज सकाळीं दरबार करीत, हुकूम दुपारीं शिक्क्यास येत, आणि तीच कोन्हेरपंतांची जेवून आडवें होण्याची वेळ. कागद लोडाखालीं सरकवीत आणि जे घोरूं लागत ते दिवेलागणीस उठत. मग चूळ भरावी, विडा घ्यावा, शाई घोटावी, आणि शिक्का करावा. हाच विलंब. आतां येथें एक गोष्ट तिमाजीपंतांस दिसली नाहीं, आणि ती दिसण्याजोगीही नव्हती. कोन्हेरपंत निजले असतां महाराजांचा हुजऱ्या येत असे आणि हळूच म्हणत असे कीं सकाळचा तो कागद तूर्त राहूं द्यावा, आणि लोडाखालचा कागद काढून परत नेत असे. हें ऐसें किती वेळ होई कोण जाणे, कारण गेलेल्या हुकुमाची नोंद ठेवावयाची रीत होती, परत गेलेल्या हुकुमाची नव्हती. तिमाजीपंतांनीं गेलेलेच मोजिले. मग त्यांनीं महाराजांस अर्ज केला कीं राज्याचा विलंब म्हणजे शिक्केनवीसांची झोंप, ही काढिली असतां राज्य बाणासारिखें चालेल. महाराजांनीं कोन्हेरपंतांस शालजोडी दिली, पालखी दिली आणि बहुत सन्मानानें त्यांच्या गांवीं पोंचविलें. कोन्हेरपंतांनीं कां म्हणोन पुसिलें नाहीं. त्यांच्या जागीं लोहाराकडून एक यंत्र करविलें, त्यांत कागद सारावा आणि दांडा ओढावा, कीं शिक्का आपोआप खालीं पडतो. आणि तिमाजीपंतांनीं नियम घातला कीं कोणताही कागद कोणत्याही गादीवर एका घटकेवर राहूं नये, आणि मागें जाणारा बाण चित्रांत असूं नये, कारण मागें गेलेलें काम म्हणजे न केलेलें काम.

मग राज्य चाललें. आणि ऐसें चाललें कीं पाहणारे थक्क जाहले. महाराज बागेंत बैसले असतां झाडावरून कवठ सुटून पगडीवर आलें, महाराज रागावोन म्हणाले, हें झाड तोडा. आणि तोंड धुवून परत येतात तों झाड भुईवर आणि वर पोंचपावती आलेली. दुसरे दिवशीं उन्हांत बैसावें लागलें. मग नगारखान्यांत नगारचीचा ठेका चुकला, महाराज म्हणाले, फोडा तो नगारा. आणि तो फुटला, आणि त्या दिवसापासोन नगरांत जेवावयाची वेळ कोणास कळेना, कोणी लवकर जेविले, कोणी जेविलेच नाहींत. मग न्हाव्याच्या हातून महाराजांच्या हनुवटीस किंचित् लागलें, महाराज म्हणाले, या राज्यांत न्हावी नकोत. तेव्हां सूर्य माथ्यावर येण्याआधीं राज्यांतले सारे न्हावी सीमेपार. पुढें दाढ्या ऐशा वाढल्या कीं दिवाणजी दरबारांत आले तेव्हां महाराजांनीं त्यांस गोसावी समजोन भिक्षा घातली. परंतु हुकुमाचा अंमल होतो म्हणोन महाराज खुश. तिमाजीपंतांस वस्त्रें दिलीं, कडें दिलें. तिमाजीपंतही फुगले, त्यांत नवल नाहीं.

मग पौषमासीं एके सकाळीं महाराज आणि राणीसाहेब सोंगट्या खेळत होते, आणि राणीसाहेब म्हणाल्या, "ही सोंगटी आपण सरकविली." महाराज म्हणाले, सरकविली नाहीं. राणीसाहेब म्हणाल्या, सरकविली, मी पाहिली. महाराजांनीं सरकविली होती. जो माणूस चुकला असतो त्याचा राग अधिक, तेव्हां महाराज गर्जले कीं, ऐसें असेल तर माहेरीं जा, आणि वेस लावून घ्या, परत येण्याचें कारण नाहीं. हें महाराज आजवर कितीदां तरी बोलिले होते. दर वेळीं चिटणीस लिहून घेत, राणीसाहेब एक गांठोडें बांधावयास काढीत, आणि गांठोडें बांधून होई तों संध्याकाळीं महाराजांकडून विडा येई, आणि मग गांठोडें सोडीत. या खेपेस राणीसाहेबांनीं गांठोड्याचें कापड झटकिलें मात्र, तों दारीं पालखी, भोई, स्वार आणि शिक्क्याचा हुकूम. त्या उठल्या आणि पालखींत बैसल्या. पालखीबरोबर सारा परिवार निघाला, कारण चित्रांत राणीसाहेबांच्या प्रवासाच्या चौकोनावर तिमाजीपंतांनीं स्वहस्तें लिहिलें होतें, राणीसाहेब सपरिवार. आणि वेस लागली.

संध्याकाळीं महाराजांनीं विड्याचें तबक लाविलें आणि म्हणाले, हें राणीसाहेबांकडे द्या, आणि सकाळचा तो कागद राहूं द्या म्हणोन सांगा. हुजऱ्या तबक घेईना. मग तिमाजीपंतांस बोलाविलें. महाराजांनीं पुसिलें, "हुकूम निघाला काय?" तिमाजीपंत म्हणाले, "निघाला, पोंचला, अंमल जाहला, पावती आली." महाराजांनीं तबक बाजूस सारिलें. मग म्हणाले, परत बोलवा. तिमाजीपंतांनीं अर्ज केला कीं मागें जाणारा बाण नाहीं, सबब परत बोलाविणें हें नवें काम, त्याचें चित्र व्हावें, खात्यांनीं पाहावें, मग चालावें. त्यावर महाराज रागावले असते तर बरें होतें. महाराज रागावले नाहींत, हलक्या सादेनें म्हणाले, पंत, आज आम्ही जेवीत नाहीं. आणि आंत गेले.

तिमाजीपंत घरीं आले तों दारास कडी. शेजारणीनें सांगितलें कीं द्वारकाबाई राणीसाहेबांच्या पालखीमागें दुपारींच गेल्या, घराची किल्ली ठेवून गेल्या. तिमाजीपंत पायरीवर बैसले. सपरिवार हा शब्द लिहितेसमयीं त्यांच्या मनांत दासी, बटकी, पेटारे ऐसें होतें, आपलें कुटुंब त्यांत येतें हें मनांत आलेंच नव्हतें. आंत चूल थंड, आणि सांगावयास पुष्कळ, आणि ऐकावयास कोणी नाहीं. पंतांस रडूं आलें, आणि ते रडले, आणि शेजारीण पाहात होती तरी रडले.

मग महाराजांनीं त्यांसच वकील करून शेजारच्या राज्यीं पाठविलें. चित्राची वाट न पाहातां तिमाजीपंत गेले, हें प्रथमच. तेथें राणीसाहेबांनीं भेट दिली नाहीं, द्वारकाबाईस बाहेर पाठविलें. बाई उंबऱ्याच्या आंत उभी राहिली, आणि पंत बाहेर. पंतांनीं बोलावयास आरंभ केला कीं महाराज कैसे कष्टी आहेत, आणि झालें तें कोणाच्या मनीं नव्हतें, आणि आतां परत बोलाविण्याचा कागद तयार आहे, सही तेवढी. बाईनें तें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "बाईसाहेबांचा निरोप आहे, तो सांगतें. महाराज रागावतात हें त्यांस ठाऊक. लग्न जाहलें तेव्हांपासोन ठाऊक. दर महिन्यास माहेरीं जा म्हणत, आणि कागद कधीं आला नाहीं. यंदाच कां आला, इतकेंच त्या पुसतात. जेथें बोलल्याचा पस्तावा व्हावयास वेळ नाहीं, त्या घरीं त्या यावयाच्या नाहींत."

पंत म्हणाले, "त्याचें कारण मी सांगतों, ऐक—"

"हें पाहा," बाई म्हणाली. "मी अजून बोलतें आहें. घरींही आपण ऐसेच. मी तोंड उघडावें आणि आपलें उत्तर तयार असावें. मी काय म्हणणार होतें हें आपणांस आजवर ठाऊक नाहीं, आणि आतां तर मलाही आठवत नाहीं. बाईसाहेब येतील तेव्हां मी येईन. त्या न आल्या तर मी येथें बरी आहें."

आणि ती आंत गेली. पंत उन्हांत उभे राहिले. त्यांच्या काळजास घरें पडलीं, परंतु विद्या अंगीं मुरलेली, सबब त्या स्थितींतही ते विचार करों लागले कीं यंदाच कां. महाराजांचा राग तोच, चिटणीस तोच, जासूद तोच, वाटेंत बदललें काय? एकच बदललें होतें. पंत घोड्यावर बैसले ते थेट दरबारीं आले आणि सर्वांदेखत बोलिले कीं मजकडून चूक जाहली, ज्यास मी विलंब समजलों त्याच्या आधारावर हें राज्य उभें होतें, महाराजांचा राग दुपारीं शिक्क्यास येत होता आणि कोन्हेरपंतांच्या लोडाखालीं निवत होता. दरबार थक्क जाहला. मग दिवाणजी दाढींत हात घालोन म्हणाले, ऐसें आहे तर झोंप आराखड्यांत घालावी. सर्वांस पटलें. झोंपेचा चौकोन काढिला, त्यावर शिक्केनवीसांचें नांव लिहिलें, यंत्र मोडून शिक्का परत चामड्याच्या कंबरपट्ट्यास बांधिला, आणि कोन्हेरपंतांस गांवाहून मोठ्या सन्मानानें आणिलें. शेजारच्या राज्यीं कळविलें कीं झोंप सुरू होत आहे, कृपा करून यावें. तेथून उत्तर आलें, आधीं सुरू होऊं द्या.

आतां पुढें जें जाहलें तें लिहितां लेखणी अडखळते. कोन्हेरपंतांस जेव्हां सांगितलें कीं राणीसाहेबांचें येणें, महाराजांचें जेवण आणि राज्याची आब्रू तुमच्या दुपारच्या झोंपेवर आहे, तेव्हां त्यांची झोंप जी उडाली ती उडालीच. दुपारीं आडवे होत आणि डोळे सताड उघडे. जन्मांत प्रथमच आपण कांहीं काम करितों ऐसें त्यांस कळलें होतें, आणि तें त्यांच्यानें होईना. कागद आला कीं भीतीनें लगोलग शिक्का करीत, आणि म्हणत, चुकलों. वैद्यांनीं जायफळ उगाळून दिलें. गवयांनीं मंद्र सप्तकांत आळविलें, तों कोन्हेरपंत ठेका धरूं लागले. मग तिमाजीपंतांनीं निद्रेचें वेगळें चित्र काढिलें, कीं पहिला चौकोन भोजन, दुसरा चौकोन डाव्या कुशीवर होणें, मग शंकरपाळें, डोळा लागला काय. होय तर पुढें, नाहीं तर बाण परत पहिल्या चौकोनाकडे. मागें जाणारा बाण पंतांनीं येथें प्रथम घातला, आणि घाईंत घातला. चित्राप्रमाणें अंमल करणारे तत्पर, सबब डोळा लागला नाहीं तेव्हां कोन्हेरपंतांस पुन्हा जेवूं घातलें, आणि डाव्या कुशीवर निजविलें, आणि पुसिलें, आणि पुन्हा ताट वाढिलें. ऐसें पुरणपोळी सरेपर्यंत चाललें. शेवटीं वैद्य आडवे आले कीं आतां एक घांस गेला तर शिक्का करावयास कोणी उरणार नाहीं. तेव्हां कोठें तें राहिलें. आणि प्रत्येक दुपारीं, झोंप लागली नाहीं ऐसें कळलें म्हणजे, तिमाजीपंतांस उंबऱ्याआंत उभी असलेली द्वारकाबाई दिसे, आणि ती आणीक एक पाऊल आंत गेलेली दिसे.

ऐसा माघ गेला. महाराज वाळले. एके सकाळीं त्यांनीं पुसिलें कीं काल तरी डोळा लागला काय, आणि नाहीं ऐसें उत्तर आलें, तेव्हां महाराजांच्या अंगाचा भडका जाहला आणि ते ओरडले कीं, या म्हाताऱ्यास गडाच्या कड्यावरून लोटा. चिटणीसांनीं लिहिलें, जासुदानें नेलें, आणि दुपारीं तो कागद नियमाप्रमाणें शिक्क्यास आला, म्हणजे कोन्हेरपंतांपाशींच आला. कोन्हेरपंतांनीं तो वाचिला. मग पुन्हा वाचिला. परंतु कागद एका घटकेवर राहूं नये हा नियम कापडावर तैसाच राहिला होता, आणि तो त्यांच्या मनांत ऐसा बैसला होता कीं त्यांनीं दौत ओढिली, शाई घोटिली आणि कंबरेचा शिक्का सोडूं लागले. तिमाजीपंत जवळच बैसले होते. त्यांनीं कागदावर दृष्टि टाकिली आणि उठोन म्हाताऱ्याचा हात धरिला.

"थांबा," पंत म्हणाले.

"घटका भरेल, पंत," कोन्हेरपंत म्हणाले. "विलंब होईल. मजवर येईल."

"विलंब माझ्या नांवें लिहा."

आणि पंतांनीं तो हात सोडिला नाहीं. घटिकापात्र भरलें आणि बुडालें. चिटणीस येऊन उभे राहिले कीं कागद कोठें आहे. पंत म्हणाले, काम चालू आहे. चिटणीसांनीं पाहिलें, तों दोन ब्राह्मण एकमेकांचा हात धरून बैसले आहेत आणि कांहींच करीत नाहींत, परंतु पंत आराखड्याचे धनी, त्यांस काय म्हणावें, म्हणोन ते गेले. मग पहाऱ्याचे लोक आले कीं कडा तयार आहे. पंतांनीं त्यांसही तेंच सांगितलें. पंतांच्या मनांत चलबिचल बहुत. आपलें डोकेंही या कागदाबरोबर जाईल हें त्यांस दिसत होतें, आणि जन्मभर कोणताही कागद त्यांनीं अडविला नव्हता, हाताला ती सवय नव्हती, सबब त्यांनीं म्हाताऱ्याचा हात गरजेहून घट्ट आवळिला होता. कोन्हेरपंतांच्या ध्यानांत आलें कीं आतां धाक पंतांस आहे, आपणांस नाहीं. तेव्हां ते जे सैल जाहले, ते बैसल्या जागीं कलंडले आणि घोरूं लागले. पंतांनीं हात तरीही सोडिला नाहीं. ऐसीं उन्हें उतरलीं. मग महाराजांचा हुजऱ्या आला, आणि इकडे तिकडे पाहोन हळूच म्हणाला, "महाराज पुसतात, सकाळचा तो हुकूम निघाला कीं काय?"

"अजून नाहीं," पंत म्हणाले.

"बरें जाहलें. राहूं द्यावा म्हणतात. आणि म्हाताऱ्यास जेवूं घालावें म्हणतात."

कोन्हेरपंत जेवणाचें नांव ऐकून जागे जाहले आणि त्यांनीं दोन्ही हात जोडिले. महाराजांस हें सांगितलें, तेव्हां ते कितीक दिवसांनीं हांसले, आणि मग म्हणाले कीं, पंत, आज तुम्ही आम्हांस एका हत्येपासोन वांचविलें.

दुसरे दिवशीं तिमाजीपंतांनीं दरबारांत पुन्हा कापड अंथरिलें, आणि कोन्हेरपंतांच्या पट्ट्यांतला झोंपेचा चौकोन पुसिला, आणि तेथें नुसता एक रिकामा चौकोन काढिला, त्यांत अक्षर लिहिलें नाहीं, आणि त्यांतून एक बाण मागें महाराजांकडे नेला. दिवाणजींनीं पुसिलें, "या चौकोनांत काम काय होतें?"

"कांहीं नाहीं," पंत म्हणाले. "येथें संध्याकाळ होते."

पीलखान्याच्या दरोग्यानें तत्काळ आपल्यासही तैसा एक मागितला. महाराजांनीं चित्रावर हात ठेविला आणि मान्य केलें. मग त्या कापडाची नक्कल शेजारच्या राज्यीं पाठविली, आणि तीवर महाराजांनीं स्वहस्तें एक ओळ घातली कीं सोंगटी आम्ही सरकविली होती. राणीसाहेबांनीं तें वाचिलें, आणि लगेच होय म्हणाल्या नाहींत, एक संध्याकाळ जाऊं दिली, आणि मग पालखी मागविली. फाल्गुन शुद्ध पक्षीं राणीसाहेब सपरिवार वेशींतून आंत आल्या. नगाऱ्यास नवें कातडें चढलें होतें, न्हावी परत आले होते, आणि दिवाणजींस त्यांच्या कुटुंबानें ओळखिलें. कवठ तेवढें परत आलें नाहीं.

द्वारकाबाई संध्याकाळीं घरीं आली. पंतांनीं दार उघडें ठेविलें होतें आणि चूल स्वतःच पेटविली होती, धूर बहुत आणि विस्तव थोडा. बाईनें पाय धुतले, धूर पाहिला, पदर खोंचला, आणि चुलीपुढें बैसून बोलावयास आरंभ केला. वाटेंत काय जाहलें तें बोलिली, शेजारच्या राज्यांतल्या पाण्यास चव नाहीं हें बोलिली, राणीसाहेब रोज वेशीकडे पाहात आणि पाहिलें नाहीं ऐसें दाखवीत हें बोलिली, आणि मग, लग्न होऊन ती या घरीं आली त्या वर्षींचें कांहीं बोलिली, जें पंतांनीं पूर्वीं कधीं ऐकिलें नव्हतें. पंतांच्या ओंठांवर उत्तर पहिल्याच वाक्यास आलें होतें. त्यांनीं तें गिळिलें. मग दुसरें आलें, तेंही गिळिलें. भात जाहला, पानें वाढिलीं, तरी बाई बोलत होती, आणि बोलतां बोलतां मध्येंच थांबून तिनें एकवार डोळे पुसिले, आणि पंत तेव्हांही बोलिले नाहींत, नुसतें तिजकडे पाहात राहिले. सरतेशेवटीं बाई थांबली आणि म्हणाली, "आपणांस मघां कांहीं बोलावयाचें होतें."

"होतें," तिमाजीपंत म्हणाले. "आतां नाहीं."

तेव्हां ती हांसली, आणि तिनें भातावर तूप वाढिलें.

पुढें त्या राज्यीं हुकूम दुपारीं येत, संध्याकाळीं जात, आणि कित्येक जातच नसत. कोन्हेरपंत पुष्कळ जगले आणि दुपारीं निजले. तिमाजीपंतांची विद्या पुढें आणीक राज्यांनीं मागविली, ते जेथें गेले तेथें कुटुंबासह गेले, आणि काढिलें त्या प्रत्येक चित्रांत एक चौकोन रिकामा ठेविला. कोणीं कारण पुसिलें असतां ते द्वारकाबाईकडे पाहात, आणि ती सांगे. इति वर्तमान.